बन्सीधरची सतरा हजार पावलं

लेक राजेश्रीने नांदेडहून घड्याळांचे दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "नाना, यातलं कोणतं घेऊ? आजच सांगा." बन्सीधरला ते त्या दिवशी सांगता आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि पुढचे चार दिवसही नाही.

तसा तो पंचवीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेला माणूस. समोरून उसाची ट्रॉली आली की गाडी कुठे दाबायची हे त्याचे हात डोक्याच्या आधी ठरवत. पण खाली उतरला की त्याचं काही ठरत नसे. बाजारातून मेथी आणायची की पालक, हे विचारायला तो पालमच्या चौकातून घरी फोन करी आणि बायकोने, कमलबाईने "मेथी" म्हटलं की "पण पालक ताजा दिसायलाय गं" म्हणून पुन्हा तिथेच उभा राही.

घड्याळाचं कारण होतं साखर. दिवाळीआधीच्या तपासणीत ती चांगलीच वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज दहा हजार पावलं चालायला सांगितलं. पुढची तपासणी जानेवारीत. तोवर साखर उतरली नाही तर स्टेअरिंग सुटणार आणि उरलेली चार वर्षं कुठल्यातरी चौकशीच्या खिडकीत बसून काढावी लागणार, असं त्याने स्वतःच मनाशी धरलं होतं. खिडकीतला बन्सीधर त्याला स्वप्नात दिसे आणि तो दचकून जागा होई. राजेश्री म्हणाली, "नाना, पावलं मोजणारं घड्याळ घेऊन देते. आकडा दिसला की माणूस चालतो."

एक घड्याळ चौकोनी, पातळ, आरशासारखं चकचकीत. त्यावर फोन घेता येई, हवामान कळे, छातीचे ठोके दिसत. दुसरं गोल, काळं, जाडजूड, ट्रॅक्टरचं बेअरिंग मनगटावर बांधावं तसं. ते पळणाऱ्यांचं, डोंगर चढणाऱ्यांचं. जावई आदिनाथ स्वतः शर्यतीत पळायचा, त्याचं मत काळ्याला. राजेश्रीचं चौकोनीला.

बन्सीधरने फोटो कंडक्टर परमेश्वरला दाखवला. परमेश्वरने तिकिटाचं मशीन काखेत धरून बराच वेळ निरखलं.

"बन्सीभाऊ, ह्या काळ्यात काय हाय?"

"पाण्यात पडलं तरी चालतंय म्हणं. चिखलात गेलं, दगडावर आपटलं, उन्हात तापलं तरी काय होत न्हाई."

"तुमी कवा पडलाव पाण्यात?"

"न्हाई पडलो."

"चिखलात?"

"ड्युटीवर कशाला जाईन चिखलात!"

"मग सोडा की! चौकोनी घ्या. साहेबाचा फोन आला की आसं मनगट तोंडाजवळ नेऊन बोलायचं. गाडी थांबल्यावर, बरं का."

हे मनगट तोंडाजवळ नेणं बन्सीधरच्या मनात भरलं. तरी त्याने होकार कळवला नाही. कारण काळं नको म्हणावं तर आपण मजबूत गडी नाही असं जावयाला वाटेल, अशी एक बारीक काळजी त्याला आत टोचत होती.

शेवटी दिवाळीत लेक-जावई पालमला आले ते दोन्ही घड्याळं घेऊनच. चौकोनी नवं होतं. काळं आदिनाथचं जुनं, त्याने स्वतःला दुसरं घेतलं होतं. "मामा, महिनाभर दोन्ही वापरून बघा," तो म्हणाला, "मग एक ठेवा. चौकोनी परत करता येतं, आणि काळं तुम्हाला नको असेल तर माझा एक मित्र मागतोय." त्याने काळं घड्याळ अंगणातल्या धोंड्यावर दोनदा आपटून दाखवलं. रोज सकाळी पळायला निघताना तो त्याचं लाल बटण दाबायचा आणि परत आला की पुन्हा दाबायचा. म्हशीची धार काढता काढता कमलबाई ते बघत होती.

लेक-जावई गेले. बन्सीधरने चौकोनी मनगटावर बांधलं आणि काळं फ्रिजवर ठेवून दिलं.

दोन दिवसांनी कमलबाईने विचारलं, "अवं, ते काळं नुसतंच पडलंय. मी घालू का? रानात लाईट कवा येती, कवा जाती, टाइम तर कळंल."

"घाल की. पण जपून, हां."

"त्याला काय जपायचं? जावयानं धोंड्यावर हाणून दावलंय."

इकडे चौकोनी घड्याळाने पहिल्याच दिवशी कमाल केली. बन्सीधर पहाटे गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आला, ती झाली चार हजार पावलं. मग ड्युटी. परभणीच्या रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू उकरलेली, दुसरीवर खडी. गाडीचा खिळा न् खिळा वाजत होता आणि स्टेअरिंग धरलेले हात दुपारपर्यंत खुळखुळ्यासारखे हलत होते. दुसरी फेरी संपायच्या आत मनगट थरथरलं. घड्याळावर रंगीत फुलबाज्या उडाल्या आणि आकडा आला, दहा हजार.

बन्सीधरने परमेश्वरला बोलावलं. "आरं, हे काय दावायलंय बघ. मी तर बसूनच हाय."

परमेश्वरने विचार केला. त्याला विचार करायला आवडे. "बसून कसं? क्लच कोण दाबतंय? ब्रेक? एका फेरीत तुमचा पाय हजार-बाराशे डाव वर-खाली होतोय. पावलं म्हंजे अजून काय आसतंय?"

बन्सीधरला हे पटलं, असं म्हणता येणार नाही. पण त्याने ते खोडून काढलं नाही. पंचवीस वर्षं आपण गाडी ओढली ती काय फुकट, असंही वाटलं. घड्याळाचा आकडा राजेश्रीच्या फोनवरही दिसे; आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तिने "नाना, चौदा हजार!! वा!" लिहून खाली टाळ्या वाजवणारे हात टाकले, तेव्हा तर खोडून काढायची वेळच निघून गेली. ती लेक जन्मली तेव्हापासून तिने बापासाठी टाळ्या वाजवल्याचं त्याला आठवत नव्हतं. मार्कांवरून तोच तिला बोलायचा.

दुसऱ्या दिवशी पंधरा हजार झाले. तिसऱ्या दिवशी खडीवरून एक जादा फेरी मिळाली आणि सतरा. दुपारपर्यंतच हिशेब पुरा होतोय म्हटल्यावर पहाटे पुलापर्यंत जायचं कारण उरलं नाही. थंडीही पडू लागली होती. शिवाय सतरा हजार पावलं चाललेल्या माणसाला भूक लागणारच. परभणीला गाडी लागली की तो आणि परमेश्वर गरम जिलेबी खाऊ लागले. "जळून जातीय," परमेश्वर म्हणे, "एवढं चालल्यावर काय ऱ्हातीय अंगात?"

राजेश्रीने बापाचे आकडे स्टेटसला ठेवले. ते नात्यागोत्यात फिरले आणि फिरत फिरत पालमच्या दिनकररावांपर्यंत पोचले. दिनकरराव निवृत्त हेडमास्तर. सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ ते शाळेच्या शिस्तीत चालवत. ते थेट घरी आले.

"बन्सीधरराव, आम्ही वीस जण मिळून जेवढं चालतो तेवढं तुम्ही नोकरी करून एकटे चालता. येत्या रविवारी मंडळाची वार्षिक पदयात्रा आहे. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, पाच किलोमीटर. तुमचा सत्कार करायचा आणि तुम्हीच पुढे राहायचं."

"सर, मी कशाला? मी आपला साधा डायवर माणूस."

"हाच तो विनय!" दिनकरराव म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

खरं सांगायला अजून सहा दिवस होते. सोमवारी बन्सीधर दिनकररावांच्या फाटकापर्यंत गेला, पण आत पाहुणे दिसले. मंगळवारी त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. सांगायचं तरी काय, हेच ठरेना. घड्याळ चुकलं म्हणावं तर लेकीची भेट खोटी ठरते. आपण चुकलो म्हणावं तर टाळ्या परत द्याव्या लागतात. बुधवारी त्याच्या मनात आलं की पाच किलोमीटर म्हणजे सहा-सात हजार पावलं, आपण सतरा हजारवाले आहोत. आणि मग मात्र तो शांत झोपला. आपणच उडवलेल्या थापेवर माणूस स्वतः कधी विश्वास ठेवायला लागतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सगळे जमले. गावातल्या डॉक्टर संघप्रियाही मंडळाबरोबर चालायला आल्या होत्या. परमेश्वर सुट्टी असूनही हजर होता. दिनकररावांनी बन्सीधरच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आदर्श समोर असला की उपदेश लागत नाही. चला!"

बन्सीधर निघाला तोच तरातरा. मागे सत्तरीची माणसं, आणि हळू चाललो तर लोक काय म्हणतील! पहिला अर्धा किलोमीटर झोकात गेला. दुसऱ्याला शाल गरम वाटू लागली. दीड किलोमीटरवर नारळ दगडाएवढा झाला. दिनकरराव बाजूने शिट्टी वाजवत आले. "सावकाश, बन्सीधरराव! आम्हाला झेपत नाही!" ते खोटं होतं. त्यांना चांगलं झेपत होतं. बन्सीधरला मात्र उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता.

तेवढ्यात मनगट थरथरू लागलं. घड्याळावर लाल रंगात ठोक्यांचा आकडा आला, एकशे बासष्ट. पाठोपाठ कर्कश पिपाणी वाजायला लागली. मागचे बघायला लागले. ती बंद करायला बन्सीधरने बाजूचं बटण दाबलं. बंद होईना म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिला. पाच वेळा सलग दाबलं की घड्याळ नेमलेल्या माणसाला "मी संकटात आहे, मदत करा" असा निरोप पाठवतं, हे राजेश्रीने दिवाळीत नीट समजावून सांगितलं होतं. तेव्हा तो मनगट तोंडाजवळ नेऊन बघण्यात गुंग होता.

नांदेडमध्ये राजेश्री चहा टाकत होती. निरोप वाचून तिने बापाला फोन लावला. तो घड्याळातच वाजला, पण बन्सीधर आता पुलाच्या कठड्यावर बसून नुसता आ करत होता. मग तिने आईला लावला आणि आदिनाथला गाडीची किल्ली घ्यायला सांगितली.

कमलबाई त्याच रस्त्यावरच्या रानात पहाटेपासून होती. पाचच मिनिटांत ती बांधावरून रस्त्यावर आली, डोक्यावर ज्वारीच्या हिरव्या चाऱ्याचा भला मोठा भारा, पदर खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. बघ्यांची फळी मागून फोडून ती पुढे झाली.

"काय झालं वं तुमाला?"

"काय... न्हाई," बन्सीधर म्हणाला.

डॉक्टर संघप्रियांनी नाडी धरली, छाती तपासली, मग बॅगेतून मशीन काढून बोटाला सुई टोचली. "हृदय ठीक आहे. दम लागलाय. सवय नसताना एकदम जोरात चालले. पण साखर दोनशे साठ! नाना, तुम्ही चालता ना रोज?"

"रोज सतरा हजार पावलं!" दिनकरराव अभिमानाने म्हणाले.

बन्सीधरने मान खाली घातली. परमेश्वर खाकरला. त्याच्याने राहवेना.

"मॅडम, ती पावलं... तशी बसनं चालल्याली हायत."

"म्हणजे?"

"रस्ता खराब हाय ना. गाडी हादरती, हात हालतोय, घड्याळ मोजतंय. लय इमानदार घड्याळ हाय, एक धक्का सोडत न्हाई."

एका म्हाताऱ्याने तोंडाला रुमाल लावला. मग दुसऱ्याने. बन्सीधरने शाल काढून घडी घातली आणि दिनकररावांपुढे धरली. "सर, ही घ्या. मला पयलंच सांगायचं हुतं. सांगायला जमलं न्हाई."

दिनकररावांनी क्षणभर शालीकडे पाहिलं. मग ती पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकली. "राहू द्या. घाम आलाय, वारं लागेल. आणि मीही काही खात्री केली नव्हती." ते मंडळाकडे वळले. "चला, मारुतीला थांबवून ठेवू नका."

मंडळ पुढे गेलं. परमेश्वर म्हणाला, "मोटारसायकल आणतो." पण बन्सीधरने नको म्हटलं. थोडा दम घेऊन तो आणि कमलबाई घराकडे चालू लागले. ती पुढे, तो मागे.

"भारा ठिवून यायचा हुता की," तो म्हणाला.

"ठिवला आसता तर शेळ्यांनी खाल्ला नसता का?"

दीड किलोमीटरचा रस्ता. बन्सीधरच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ. तिच्या डोक्यावर भारा, आणि तरी अंतर वाढतच होतं. ती मधेच थांबे, भार्‍यासकट अंगाने वळे, तो जवळ आला की पुन्हा चालू लागे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आजवर तो गाडीत पुढे बसायचा आणि ती मागच्या सीटवर. तिच्या मागून तो कधी चाललाच नव्हता. तिची चाल अशी आहे, डावा पाय किंचित ओढतो, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. कधीपासून ओढतो ते विचारावं असं त्याला वाटलं. पण विचारायला आधी गाठावं लागलं असतं.

दोन तासांनी नांदेडची गाडी दारात आली. राजेश्रीने आधी बापाला नीट बघून घेतलं, मग रडून घेतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. ती दम घ्यायला थांबली तेव्हा आदिनाथचं लक्ष कमलबाईच्या मनगटाकडे गेलं. काळ्या घड्याळावर शेणाचा एक वाळलेला पोपडा होता.

"मामी, हे तुम्ही वापरताय?"

"हं. धुवून देऊ का?"

"नको, नुसतं बघू द्या." त्याने पोपडा पुसला, एक-दोन बटणं दाबली आणि थबकला. "हे लाल बटण तुम्ही दाबता?"

"तुमी नव्हता का दाबीत, पळायच्या आदी? मी बी कामाला लागायच्या आदी दाबते. दिवेलागणीला पुन्ना दाबलं की बंद. काय चुकलं का?"

आदिनाथ घड्याळावर वाकला. तो एकेक दिवस मागे सरकवत होता. "चोवीस हजार... सव्वीस... बावीस... सत्तावीस. आणि हे सगळं पायीच?"

"मग काय, आमाला कोणती एसटी हाय!" कमलबाई म्हणाली आणि बन्सीधरने शालीचं टोक उगाच सारखं केलं.

"खाली हे विंग्रजीत काय लिवलंय? रोज येतंय. मी पुसते, पुन्ना येतंय."

"ते विश्रांतीचं आहे, मामी. शर्यत पळल्यावर किती आराम करायचा ते हे घड्याळ सांगतं. मला फार तर एक दिवस सांगायचं." त्याने घड्याळ तिच्यासमोर धरलं. "तुम्हाला बहात्तर तास सांगतंय. म्हणजे तीन दिवस काहीच करायचं नाही."

"मला म्हणतंय?"

"तुम्हालाच."

कमलबाईने घड्याळ हातात घेतलं आणि त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. कुणाची चिठ्ठी आल्यासारखं. मग ती उठून आत गेली. चहा ठेवायला गेली असेल असं सगळ्यांना वाटलं. बाहेर आली तेव्हा तिने पाय धुतले होते, बाहेर नेसायचं लुगडं नेसलं होतं आणि हातात पिशवी होती.

"झरीला जाते, भैनीकडं, सरजाकडं. तीन वर्सं झाली ती बलवायलीय. जावई, मला स्टँडपर्यंत सोडा."

"आत्ता?" बन्सीधर उभा राहिला. "आन् म्हशी?"

"त्यांची धार काढायची, पाणी दावायचं, चारा आनायचा. डॉक्टरीन म्हणली न्हाई का तुमाला चाला म्हणून?"

ती पायरी उतरली. राजेश्री हसावं की आईला थांबवावं अशा पेचात दारातच उभी होती. मग तिला मूळ प्रश्न आठवला. "नाना, ते ठरवायचं राहिलंच. कोणतं घड्याळ ठेवायचं?"

पण ठरवायचं काही उरलंच नव्हतं. काळं घड्याळ कमलबाईबरोबर फाटकाबाहेर गेलं होतं. "हे चौकोनी असू दे मला," बन्सीधर म्हणाला. "ड्युटीवर काढून ठिवीत जाईन."

त्याने तीन दिवसांची रजा टाकली. सोमवारी सकाळी तो उठला आणि म्हशीमागे फिरू लागला. विहिरीवर गेला, रानात गेला, भारा बांधला. तो सुटला, म्हणून पुन्हा बांधला. धार काढताना म्हशीने त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि बादली लवंडली. लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेला, पोचेपर्यंत लाईट गेली. परत आला तर लाईट आली. साडेअकराला त्याच्या मनगटावर फुलबाज्या उडाल्या. दहा हजार. त्याने तिकडे पाहिलंही नाही, कारण त्याच वेळी वासरू कपाशीत शिरलं होतं.

मंगळवारी दुपारी त्याने ओट्यावर बसून झरीला फोन लावला. तिकडून दोन बायकांचं हसणं ऐकू आलं आणि मग कमलबाईचा आवाज.

"कशी हाईस?" त्याने विचारलं.

"हाय बरी. तुमी काय करायलाव?"

"बसलोय जरा. तो तुझा डावा पाय दुखतोय का गं?"

"मागल्या उन्हाळ्यापस्नं दुखतोय. कामून?"

"कामून न्हाई. आलीस की संघप्रिया मॅडमला दावू. उंद्या येतीस ना? घड्याळात किती तास ऱ्हायले?"

"सकाळी पंचवीस हुते," कमलबाई म्हणाली. "पर सरजाच्या रानात कापूस फुटलाय. नुसतं बसून कसं ऱ्हावं? चार सऱ्या वेचू लागले. आता बगते तर पुन्ना साठ दावायलंय."

"साठ!"

"मग काय करू? घड्याळच तसं म्हणतंय."

बन्सीधरने गोठ्याकडे पाहिलं. म्हैस त्याच्याकडेच बघत होती. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता, एका दमात एक गोष्ट ठरवली.

"ऱ्हा मग," तो म्हणाला, "पण कापसाला हात लावू नको. मी रजा वाढवितो."